तीन बऱ्या गोष्टी आणि विमलताईंची सही

मी, आभा चारुदत्त उमरीकर, वय बावन्न, व्यवसाय साप्ताहिकातून लोकांना टोमणे मारणे, राहणार लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. आजार नाही, नवऱ्याने कपाळाला हात लावून पाहिला, ताप निघाला नाही.

१. लोहाऱ्याच्या घरातला माझा हिस्सा पती चारुदत्त यांना. अट एवढीच, की उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी त्यांनी स्वतः भरावे आणि भरल्याचे गावभर सांगू नये.

२. बँकेतली ठेव मुलगी अपेक्षा हिला. ती शहाणपणाने गुंतवू नये. समुद्र पाहून यावा.

३. शिलाई मशीन स्वयंपाकाच्या मानीबाईंना. घेतले मी, चालवतात त्याच. आता कागदावर आले.

४. शेजारी गुलाबसिंग राठोड यांच्या फटफटीशी माझे जुने भांडण आहे. ते वारसाने कोणालाही देत नाही. चांगले भांडण नवख्या हातात वाया जाते. गुलाबसिंगांना या मृत्युपत्रान्वये काहीच मिळत नाही, त्यामुळे साक्षीदार व्हायला ते पूर्ण लायक आहेत, असे वकील अवधूत म्हणतात.

५. बाकी सारे लिहिले ते या कलमासाठी. माझ्या आभाराच्या सगळ्या वह्या माझ्या नणंद विमलताई, पांढरकवडा, यांना.

पहिली वही त्यांनीच दिली होती, माझ्या पन्नाशीला, भर पंगतीत. म्हणाल्या, "आभे, तुह्या जिभेले कारल्याचा वेल लागला हाय. रोज झोपाच्या आधी तीन बऱ्या गोष्टी लिहत जाय, मन गोड होते." पुढच्याच आठवड्यात मी त्यावर लेख लिहिला. लेख जमला होता, असे माझे आजही मत आहे. विमलताईंचे मत वेगळे पडले. तेव्हापासून त्या भावाला भेटायला येतात, पण ओसरीतच बसतात आणि माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

वही मी उघडली ती पुढच्या लेखाचा मसाला गोळा करायला. पहिल्या पानांवर त्यामुळे असे सापडेल: 'वीज गेली. चारुदत्त अंगणात गायला बसले. वीज आली. आभार.' पण टोमणा मारायचा तरी माणसाकडे नीट बघावे लागते, आणि रोज नीट बघत गेले की माणसे बरी निघू लागतात. त्याला माझा इलाज नाही. हळूहळू वहीत ती फटफटीसुद्धा आली. तिने पहाटे उठवले म्हणून तुरीवरचे धुके दिसले. आता सकाळपासून मी रात्रीसाठी काहीतरी हुडकत हिंडते आणि संध्याकाळपर्यंत तिनात मावत नाही.

थोडक्यात, मी सुखी झाले आहे. हे विमलताईंना तोंडाने सांगवत नाही, कारण त्या "मी म्हणत नव्हते?" म्हणतील. म्हणून मेल्यावर कळावे. त्यांनी वह्या नाकारल्या, तर होळीत टाकाव्यात. दुसऱ्या कोणाला देऊ नयेत.

६. तेरवीला भाषणे नकोत. शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी करावी. ज्याला माझ्याविषयी बरे बोलायचे असेल, त्याने आधी वाढायला घ्यावे.

पुरवणी, सह्यांच्या आधी हाताने लिहिलेली:

दुसऱ्या साक्षीदार म्हणून चारुदत्तांनी विमलताईंना बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, या भरवशावर मी होते. पण विमलताईंची उभी नोकरी कोषागारात गेली. न वाचता सही त्यांनी आयुष्यात केलेली नाही. ओसरीत बसून त्या पाचव्या कलमापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग वकिलांना विचारले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर चालते का. न केलेली बरी, असे अवधूत म्हणाले.

विमलताईंनी पेनाला टोपण लावले. "मंग सही तुमीच करा, वकीलसाहेब. मले वह्या पायजेत." आणि माझ्याकडे न बघता, "मरेपर्यंत थांबू कायले? पयली आत्ताच आण, आभे. अन् चहा ठेव."

चहा ठेवला आहे. "मी म्हणत नव्हते?" हे त्या अजून म्हणालेल्या नाहीत, पण पहिली वही संपत आली आहे आणि ओसरीतून हसू ऐकू येते आहे. आजच्या तीन गोष्टी झाल्या.

मृत्युपत्र करणार: आभा चारुदत्त उमरीकर (सही)
साक्षीदार १: गुलाबसिंग राठोड (सही, फटफटी फाटकाबाहेर उभी)
साक्षीदार २: ~~विमलताई~~ अ‍ॅड. अवधूत (सही)
ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५