बेटावर आवाज स्वच्छ येतो

३ नोव्हेंबर
निर्णय पक्का. दहा तारखेला आमच्या 'लांबचं ऐका मंडळा'ची बेट-मोहीम. कारण शास्त्रीय आहे. शहरात मीडियम वेव्हवर नुसती खरखर. बेटाभोवती खारं पाणी. लिफ्ट नाही, जाहिरातींचे दिवे नाहीत. सूर्य बुडाला की हजारो मैलांवरची स्टेशनं शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी लागतात. अध्यक्ष या नात्याने मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय. डेंटिस्ट (खजिनदार) आणि ड्रॉइंग मास्तर (उरलेले सभासद) दोघेही "बघू" म्हणाले. म्हणजे होच.

हिलाही फोन करून सांगितलं. ही जुलैपासून बहिणीकडे आहे. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघा बराच मोठा असावा. ही म्हणाली, "जा." एका शब्दात परवानगी! अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

८ नोव्हेंबर
डेंटिस्ट येत नाही. म्हणे पेशंट. मास्तर येत नाहीत. म्हणे सर्दी. सर्दीचा कानांशी संबंध काय, असं विचारलं तर फोनवर दोन शिंका ऐकवल्या. दुसरी खोटी होती.

एका परीने बरंच झालं. तीन माणसं, एक रेडिओ. ओढाताण झाली असती. मोठ्या मोहिमा एकट्यानेच फत्ते होतात.

संकल्प: पहाटे साडेचारला उठणे. निदान पाच नवी स्टेशनं. कमी बोलणे. (शेवटचा आजपासूनच अमलात. जड गेला नाही.)

१० नोव्हेंबर, बोटीवर
रेडिओ लावला. बोटीचं इंजिन सगळ्या फ्रिक्वेन्सींवर उत्तम लागलं. शेजारच्या बाईंना ऐकायला हेडफोन देऊ केला. त्या उठून पलीकडे जाऊन बसल्या. इकडे वारा लागत असावा.

थोड्या वेळाने: उलटी. खलाशी म्हणाला, समुद्र आज अगदी शांत आहे. त्याला काय कळतंय.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
खोली झकास. खाट, टेबल, समुद्राकडे खिडकी. फक्त भिंतीपलीकडे घरमालकिणीचे दोन डीप फ्रीझर आहेत आणि रेडिओवर तेवढेच ऐकू येतात. दोघांचे सूर वेगळे आहेत. तिला विनंती केली, रोज संध्याकाळी पाच ते सात बंद ठेवा. ती म्हणाली, "त्यात अख्ख्या गल्लीचे मासे आहेत. तुमचं स्टेशन बाजारात विकता येतं का?" विज्ञानाची कदर नाही.

१२ नोव्हेंबर
पहाटे उठणं काल-आज जमलं नाही. हवा दमट आहे. उद्यापासून.

काल संध्याकाळी घरमालकीण बाहेर गेली तेव्हा फ्रीझरचे प्लग काढले. अर्ध्याच तासासाठी. खरखर एकदम थांबली. इतकं शांत वाटलं की हेडफोन कानाला लावल्या लावल्या डोळा लागला. सकाळी उठलो तो दारात गल्ली उभी. वासावरूनच विषय समजला. घरमालकीण ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रेडिओवाले, जे काय ऐकायचं ते बाहेर जाऊन ऐका. लांब."

तसाही माझा बेत तोच होता.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
लागलं! लागलं!

बेटाच्या पार टोकाला गेलो. वस्ती संपते, पुढे नुसते खडक. तिथल्या एका वाकड्या खांबाला एरियलची तार बांधली. सूर्य बुडाला. आधी काहीच नाही. मग अचानक एक बाई बोलायला लागली. भाषा कुठली, देव जाणे. सावकाश, नावं वाचत असल्यासारखी. मधे थांबून श्वास घ्यायची, तो श्वासही ऐकू येत होता. समुद्रापलीकडच्या बाईचा श्वास!

"ऐकलंत?" असं मोठ्यांदा म्हणत मी वळलो. मागे खडक.

डेंटिस्टला फोन लावला. त्याचा हात कुणाच्या तरी तोंडात होता, नंतर करतो म्हणाला. मास्तरांना लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "वा! कोण बोलतंय?"

मग हिला लावला. काही न बोलता रेडिओ फोनला लावून धरला. बराच वेळ. हिने शेवटपर्यंत ऐकलं.

"अहो, छान येतंय," म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलू आता?"

बोल म्हटलं.

ताईचा गुडघा ऑगस्टमध्येच बरा झाला, म्हणाली. तिथल्या बालवाडीत ही आता शिकवायला जाते. एक खोलीही घेतलीय. परत येणार नाही. "रागावून नाही हो," म्हणाली. "इथे संध्याकाळी माणसं बोलतात माझ्याशी."

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? तुझा आवाज तुटतोय. इथे रेंजच नाही." आणि ठेवून दिला.

मोबाइलचं तंत्र वेगळं. खाऱ्या पाण्यावर त्याचा निभाव लागत नाही. मंडळाच्या पुढच्या सभेत हा मुद्दा मांडला पाहिजे.

१४ नोव्हेंबर, बोटीवर
साडेचारलाच जाग आली. म्हणजे झोप लागली नव्हती. रेडिओ लावला नाही.

निघताना घरमालकिणीने चहा दिला. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, मंडळ आहे.

काल फोनवर आवाज तुटत नव्हता. एकेक शब्द येत होता. खोलीला छोटी गॅलरी आहे, सकाळचं ऊन थेट आत येतं, असंही ती म्हणाली होती.