दारात बसलेलं औषध

४ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, दोन खोल्यांचं घर आणि समोरच शाळा! माझी लेक ठकी खूश, म्हणून मीही खूश. काम भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत. पहिल्याच दिवशी उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले.

७ मार्च
भुलीचं इंजेक्शन दिल्यावर पट्टी सोलताना रुग्णाचे डोळे टक्क उघडे, पण हूं की चूं नाही. भुलीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारी दारं. त्यातलं एक दार उघडलं की हे औषध उंबऱ्यातच फतकल मारून बसतं. निरोप आत जात नाही. शरीर एकीकडे, माणूस भलतीकडे. थोड्या वेळानं औषध उठतं, माणूस परत येतो. मी म्हटलं, तेवढा वेळ आपण कुणीच नाही? नशीबवान हो! सगळे हसले. मी खरंच बोलत होते.

१५ मार्च
सिरिंजमध्ये उरलेलं औषध दोघी नर्सनी एकमेकींसमोर सिंकमध्ये ओतायचं, असा नियम. पण मोठ्या सिस्टर माझ्याहून दमलेल्या. पाठमोऱ्याच विचारतात, ओतलंस ना गं? आज हो म्हटलं आणि ओतलं नाही. ठकी शाळेतून यायच्या आत घरी टोचून घेतलं. देवा, काय तो विसावा!

२३ मार्च
रोज घेते. ठकीनं विचारलं, आई, अशी काय बघतेस? पोटची पोर मला शेजाऱ्यांची वाटली. घाबरले. आता बंद. तिच्या गळ्याची शपथ.

२७ मार्च
थेंबही घेतला नाही. तरी ते उंबऱ्यातून उठत नाही. भाजी चिरताना बोट कापलं, कुणाचं तरी. ठकी बिलगली, मला कळलंच नाही. लेकीसाठी तरी परत यायला हवं.

२९ मार्च
डॉक्टरांना सांगितलं तर ठकीला माझ्यापासून नेतील. आपणच तपासायचं. उकळत्या पाण्यात हात धरायचा. दुखलं, म्हणजे आले मी परत.

संध्याकाळ
पातेलं उकळतंय. वही ओट्यावरच घेतलीय. ठकी शाळेतून आली, बाजूला उभी आहे — मनगट पकडून हात बुडवला. काही नाही. किती बारीक झालंय माझं मनगट — लालभडक झालं तरी दुखत नाही — कोण किंचाळतंय? शेजारी असेल —

पण उजव्या हातात तर पेन आहे. डाव्यानं मनगट धरलंय. मग पाण्यात हा —