ह्यांचं मत

रविवार, १८ मे

गेलो खाली! आपला फुटबॉल क्लब वरच्या लीगमधून थेट खालच्या लीगमध्ये. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला म्हणे. मी मॅच बघत नव्हते, भांडी घासत होते. पण रस्त्यावरचा गलका एकदम बंद झाला, मग कुठेतरी दार आपटलं, तेव्हाच कळलं.

हात पुसत बाहेर आले आणि सवयीने ह्यांच्या खुर्चीकडे बघितलं. हे असते तर आज जेवले नसते. मग तासाभराने "काही आहे का गं?" करत स्वयंपाकघरात आले असते.

मनात आलं, चला, हे एक दुःख तरी चुकलं त्यांचं. आणि एकदम रडूच कोसळलं. फुटबॉलपायी रडले मी! लग्नानंतर पहिल्यांदा. हे बघायला हवे होते.

मंगळवार, २० मे

क्लबच्या मॅनेजरने राजीनामा दिला. शिवणाच्या वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखालच्या बायकांना दुसरा विषय नाही. काज-बटणवाली म्हणते, बरं झालं, तो हसायचाच नाही. हसून गोल होत असते तर तुलाच घेतलं असतं की गं! मी म्हटलं, हसा, पण मशीन चालू ठेवून हसा.

गुरुवार, २२ मे

ह्यांचे मित्र, सलूनवाले भावजी आले होते. दारातच उभे. आत या म्हटलं तर म्हणे, "नको, हातांना केस आहेत." मग हळूच — "वहिनी, एक मत कमी पडतंय."

मला आधी काही उमगेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. आपला क्लब सभासदांचा. नवा मॅनेजर निवडताना स्टँडमधल्या प्रत्येक टोळीने एक नाव पाठवायचं. ह्यांची टोळी पाच जणांची. सलूनवाले, दाताचे डॉक्टर, पोस्टमन, 'हातमोजे' आणि हे. हातमोजे म्हणजे तरुणपणी क्लबच्या दुसऱ्या टीमचे गोलकीपर होते ते. त्या भांडवलावर अजून दुकान चाललंय! आता उरलेल्या चौघांचं दोन-दोन झालंय आणि कोणी हटत नाही.

त्यांचा नियम असा — कोणी येऊ शकला नाही तर त्याचं मत त्याच्या घरून यायला हवं. पोस्टमनचं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांच्या आईने मत आणलं होतं. मत दिलं आणि वर चौघांना झापून गेली.

मी म्हटलं, "अहो भावजी, इथे माणूसच गेलाय."

"गेलाय, कबूल. पण नवा मॅनेजर येईपर्यंत आमचा सीझन संपत नाही वहिनी. सीझन संपेपर्यंत तो आमच्यातच."

काय हे शहाणपण! मला हसू फुटलं. तेही हसले. रविवारी येते म्हटलं.

रविवार, २५ मे

सलूनमध्ये गेले. सुट्टीचा दिवस, शटर अर्धं खाली. वाकून आत गेले तर चौघेही उठून उभे राहिले, जशी काही मी शाळा तपासायला आले होते. ह्यांची खुर्ची आरशासमोरची तिसरी. गोल फिरणारी. माझे पाय टेकेनात. आरशात मी आणि मागे चार पुरुष, सगळे माझ्याकडे बघतायत. जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

नावं दोन. एक 'म्हातारा' — ह्यानेच मागे क्लबला वर चढवलं होतं. आणि एक 'ज्युनिअरचा' — क्लबच्या ज्युनिअर टीमचा मास्तर. सगळे त्याला तेवढंच म्हणतात.

हातमोजे म्हणाले, "म्हाताऱ्याच्या नुसत्या नजरेने पोरं पळायची!"

डॉक्टर म्हणाले, "आता त्या नजरेला दोन चष्मे लागतात."

पोस्टमन हातमोज्यांच्या बाजूने — "अनुभव लागतो हो अनुभव!"

त्यावर सलूनवाले, "अनुभव ह्या डॉक्टरलाही आहे. तरी माझी चांगली दाढ उपटलीच ना?"

डॉक्टर खरं तर त्यांच्याच बाजूचे! पण उसळले — "तू बोट भलत्या दाढेवर ठेवलं होतंस!"

मग अर्धा तास दाढ. मॅनेजर राहिला बाजूला. मला इतकं बरं वाटत होतं तिथे. दर रविवारी हे कुठे जातात ते ठाऊक होतं, पण तिथे असं असतं हे ठाऊक नव्हतं.

शेवटी दाढ संपली. डॉक्टर म्हणाले, "बोला वहिनी. मत काय?"

मी म्हटलं, "ह्यांच्या मनातलं मला काय माहीत?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. हातमोजे काहीतरी बोलायला गेले, तर डॉक्टरांनी चक्क त्यांच्या पायावर पाय दिला! मतं फोडायचे डाव असणार. मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

येताना वाटभर मन खात होतं. एवढा संसार केला आणि माणसाच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही मला. मीठ किती लागतं ते सांगेन. कुठल्या कुशीवर झोपायचे ते सांगेन.

मंगळवार, २७ मे

लेकीचा फोन. विचारलं, बाबांनी कोणाला मत दिलं असतं गं?

"म्हाताऱ्याला! बाबांना सगळं जुनंच आवडायचं. जुना रेडिओ, जुनी सायकल, तू."

कार्टी! हसून हसून पुरेवाट झाली. ती म्हणाली, "ठेवू आई?" आणि तरी दोघींनी फोन ठेवला नाही.

बुधवार, २८ मे

आज नीट आठवत बसले. आणि लक्षात आलं, हे घरी फुटबॉलचं बोलतच नसत! मॅच जिंकली की शीळ, हरली की उपास. संपलं.

उलट विचारत राहायचे ते माझ्याच कामाचं. मी भाजी चिरत असायची, हे दाराला टेकून उभे. "समजा, तुझ्याकडची एक बाई रोज उशिरा येते, पण हात तिचा सगळ्यांत सुबक. काय करशील?" मी म्हणायची, उशिरा येऊ दे, पण सगळ्यांदेखत एकदा कारण विचारेन. "आणि दोघींचं पटत नसेल तर? लांब बसवशील?" छे, शेजारी! एकच कापड दोघींना द्यायचं, एकीने बाही लावायची, एकीने कॉलर. भांडायला वेळच मिळत नाही. "आणि सारखा दोरा तुटतोय, तर?" मी म्हणायची, लोक आधी सुई बदलतात, आधी ताण बघावा. हे मान डोलवायचे आणि चपला घालून बाहेर.

बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांना बायको कुठल्या मजल्यावर काम करते तेही ठाऊक नसतं. माझ्या नवऱ्याला दोऱ्याचा ताण ठाऊक होता. मी मनातून फार मिरवायची त्यावर. त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आता घरी येते आणि कोणी काही विचारत नाही. ह्याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. बाकी सगळ्याची सवय करून घेईन.

शुक्रवार, ३० मे

गंमत झाली! क्लबचे शर्ट आमच्याकडे आले. लीग बदलली म्हणजे बाहीवरचा बिल्लाही बदलायचा. नवे शर्ट घेणार नाहीत, जुनेच वापरणार. आम्ही वरच्या लीगचा बिल्ला उसवायचा आणि खालच्या लीगचा लावायचा. काज-बटणवाली उसवताना डोळे पुसत होती. म्हटलं, बाई, कापड ओलं करू नकोस.

बिल्ला निघाला की खालचं कापड गडद, बाकीचा शर्ट विटका. आणि नवा बिल्ला जुन्यापेक्षा लहान! म्हणजे भोवती जुन्याची कड दिसणार. गठ्ठे घेऊन आलेला माणूस तिथेच स्टुलावर बसला होता. त्याला दाखवलं. वाटलं, चालेल म्हणेल आणि जाईल.

तो म्हणाला, "तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "राहू देईन. झाकायला पट्टी लावली तर शिवण जाड होते, दंडाला घासते. चार धुण्यांत रंग एक होईल."

"बरं. तसंच करा." मग थांबून — "आणखी काय दिसतं तुम्हाला ह्या शर्टांत?"

असं कोणी विचारतं का! मी सांगितलं, सात नंबरचा उजवा खांदा दोनदा शिवलाय, कोणीतरी सारखं ओढतं त्याला. आणि चार नंबरचा तर दुकानातून आत्ताच आणल्यासारखा आहे. हा खेळतो का नुसता उभा असतो?

तो इतका हसला की स्टूल हललं. मग हसू थांबवून चार नंबरचा शर्ट उलटसुलट बघत बसला. मधे त्याचा फोन वाजला, त्याने बघितलाही नाही. माझं बोलणं पुरं व्हायची वाट बघत होता.

तो गेल्यावर काज-बटणवाली म्हणाली, "अहो ताई, हाच तो ज्युनिअरचा!"

शनिवार, ३१ मे

मला आवडला तो. पण माझ्या आवडण्याचा इथे काय संबंध? मत ह्यांचं आहे. मी नुसती पोचवणारी.

गुरुवार, ५ जून

म्हाताऱ्यालाही ऐकून आले. एकाला बघायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं नव्हे. क्लबच्या दारात सभा होती. ताठ उभा राहतो, आवाज खणखणीत, वय विसरायला होतं. ज्या वर्षी त्याने क्लबला वर नेलं त्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री हे मला सायकलवर डबल सीट बसवून गावभर फिरले होते! मला सगळं आठवलं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मागून कोणीतरी काही विचारलं. तो म्हणाला, "तो विचार माझ्यावर सोडा." त्यावर आणखी टाळ्या.

ह्यांनीही वाजवल्या असत्या. प्रामाणिकपणे लिहायचं तर हो, वाजवल्या असत्या. ठरलं मग. म्हातारा.

रविवार, ८ जून

म्हातारा म्हणायचं ठरवूनच गेले. वाटेत घोकत गेले. खुर्चीत बसले, आरशात स्वतःकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं — "ज्युनिअरचा."

सलूनवाल्यांनी टाळी वाजवली. हातमोजे म्हणाले, "कारण? कारण सांगावं लागतं. नियम आहे."

मी म्हटलं, "तो माणूस विचारतो. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबतो. माझ्या हाताखाली बायका आहेत म्हणून सांगते. विचारणारा असला की बायका मशीन बिघडायच्या आधी सांगतात. नाहीतर बंद पडल्यावरच कळतं."

आणि वर ठोकून दिलं — "हे असंच म्हणाले असते."

पोस्टमन कात्र्या सरळ लावत बसले, कात्र्या त्यांच्या नसताना. हातमोज्यांनी तर डोळ्यांना रुमाल लावला. हरले म्हणून असेल, असं वाटलं मला. मग तेच म्हणाले, "झालं. तीन-दोन. नाव लिहा."

घरी आल्यापासून चैन नाही. ह्यांच्या नावावर मी माझं मत खपवलं. शेवटचं मत होतं हो त्यांचं. एवढं एकच काम दिलं होतं मला. तेही आपल्या मनाचं करून बसले. माफ करा.

सोमवार, ९ जून

सकाळी दुकान उघडायच्या आधी सलूनवाले भावजी आले. आज आत आले, ह्यांच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "मत पडलं, आता आमची शपथ सुटली. तुमच्या नवऱ्याने कधीही स्वतःचं मत दिलं नाही वहिनी. अडलं की म्हणायचा, थांबा, घरी विचारून येतो. आणि आम्हाला शपथ घातली होती, तिला सांगाल तर याद राखा. कळलं तर मोजूनमापून बोलेल, मग मजा नाही."

उशिरा येणारी ती बाई म्हणजे टीममधला डावीकडचा विंगर होता! न पटणाऱ्या दोघी म्हणजे बचावफळीतले दोघे. आणि दोऱ्याच्या ताणावर म्हणे एका मॅनेजरची नोकरी वाचली होती.

"रविवारी या. सलूनमधली ती तिसरी खुर्ची तुमचीच होती," म्हणाले.

संध्याकाळी कामावरून आले. भाजी चिरायला घेतली. दाराकडे न बघताच मोठ्याने सांगितलं — चार नंबरला बाहेर बसवा.