बांगड्यांच्या दुकानातला निळा पहिलवान

बाबा, आलापल्लीच्या बसस्टँडजवळच्या त्या व्हिडिओ गेमच्या दिवसापासून तुम्हाला एक गोष्ट विचारून विचारून मी थकले होते. तिचं उत्तर मागच्या आठवड्यात आपोआप मिळालं, आणि सांगायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टीव्ही-रेडिओतलं काही नवं कळलं की पहिल्यांदा तुमच्याकडेच धावत यावंसं वाटतं.

तेव्हा मी एटापल्लीच्या आश्रमशाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी यायचे. बांगड्यावाल्या भाईंनी नागपूरहून जुना गेम आणून अर्ध्या दुकानात उभा केला होता. कपाटाएवढा लाकडी डबा, त्यात टीव्हीसारखी काच आणि काचेत पांढऱ्या बनियनमधला पहिलवान. चित्र सारखं थरथरायचं आणि एका कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग पडलेला. गावातले टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे तुम्हीच, तरी भाईंनी सरळ सांगितलं होतं, "भाऊ, तुमच्याच्यानं झालं तं ठीक, नाई तं मी चंद्रपूरच्या मेकॅनिकले बोलावतो." तुम्ही हसलात, पण घरी येऊन जेवला नाहीत. तुमच्या हातून दुरुस्त होऊन गेलेला सेट आजवर चंद्रपूरच्या माणसानं उघडला नव्हता.

तुम्ही डब्याच्या मागे बसता आणि मी पुढे आरसा धरून उभी राहते, म्हणजे तुम्हाला मागून चित्र दिसावं. आरसा भाईंच्याच दुकानातला. आपल्याकडे व्होल्टेजचं रडगाणं, म्हणून भाईंनी भलामोठा स्टॅबिलायझर घेतलेला, आणि त्याला धूळ लागू नये म्हणून तो डब्यातच, काचेच्या नळीला खेटून ठेवलेला. तुम्ही तो बाहेर काढून लांब ठेवता आणि थरथर थांबते. "इलाजच बिमारी होती वं," तुम्ही मागून म्हणता. त्याच्या चुंबकानं पडलेला डाग मात्र तसाच. मग तुम्ही तांब्याच्या तारेचं हातानं गुंडाळलेलं कडं आणता, त्यात वीज सोडता आणि काचेसमोर गोल फिरवत हळूहळू मागे सरकत पार दारापर्यंत जाता, तेव्हा कुठे बटण बंद करता. जवळच बंद केलं तर डाग आणखी वाढतो म्हणे. भाई विचारतात, "भाऊ, गेमची नजर उतरवून राह्यले का?" डाग गेलेला असतो.

उरले होते रंग. आरशात बघत तुम्ही पेचकसानं मागचे बारके स्क्रू फिरवलेत आणि म्हणालात, "झालं. पांढरा शुभ्र." मी मान वाकडी करून काचेत पाहिलं. भाईंनीही पाहिलं. "भाऊ, पहिलवान निळा काऊन दिसते?"

"निळा कुठी? आरसा खराब आहे तुमचा."

दुसरा आरसा आला. शेवटी तुम्ही पुढे येऊन थेट काचेत बघितलंत. "पांढराच तं आहे," म्हणालात आणि माझ्याकडे वळलात. "तुले कसा दिसते?"

"निळा, बाबा."

मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून ट्यूबलाइटखाली धरलात. एक डोळा मिटलात, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "याच्यानं पांढरा. आन् याच्यानं पिवळा, हळदीचा हात लागल्यावानी." आवाजात भीती नव्हती, नवल होतं. बंद पडलेला सेट उघडून बसल्यावर तुमचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला होता. मग ते नवल ओसरलं; डोळ्यातला पिवळा घालवायला आपण काचेत निळा वाढवत होतो हे कळलं आणि तुम्ही स्टुलावर बसलात. "मंग मी इतक्या घरचे टीव्ही निळे करून ठेवले का?"

भाई उगाच बांगड्या पुसायला लागले. "आमच्या घरचा बी निळाच हाय, भाऊ," शेवटी म्हणाले. "आमाले वाटलं, भाऊनं लावला म्हणजे रंग तसाच असन."

त्यानंतरच्या रविवारी आपण घरोघर हिंडलो. तुम्ही स्क्रू फिरवायचात, मी सांगायचे, "थोडा कमी करा, आता बरोबर." लोक चहा पाजायचे आणि कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही, त्याचीच तुम्हाला जास्त लाज वाटायची. चंद्रपूरचा मेकॅनिक काही आला नाही. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू. तो पिकायच्या आधीच तुम्ही गेलात. तुम्हाला नेमकं कसं दिसतं, हे मी कितीदा विचारलं असेल. "दिसल्याबिगर नाई समजत पोरी," एवढंच म्हणायचात.

बाबा, मलाही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. मागच्या आठवड्यात डाव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर खाटेवरची चादर आधी डाव्या डोळ्यानं पाहिली, मग उजव्यानं. हळदीचा हात. मी खाटेवर बसून एकटीच हसले आणि मग रडू आवरेना.

दुसरा डोळाही लगेच करून टाकू, असं डॉक्टर म्हणतात. मी दिवाळीनंतर म्हटलं. घरच्यांना सांगितलं की भीती वाटते, आणि त्यांना ते पटलंही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. भीती वगैरे काही नाही. सकाळी दोरीवर चादर वाळत घातली की मी तिच्यासमोर उभी राहते, डावा डोळा मिटते आणि थोडा वेळ तुमचं पांढरं बघते.