तपकिरी पिल्लाचे पाय

रानशेत, १८ नोव्हेंबर २०१७

कोंबडीचं तपकिरी पिल्लू आजही बसूनच. बाकीची अंगणभर धावतात, हे मात्र पाय दुमडून जगाकडे बघत राहतं. चार दिवस झाले. तिन्ही वेळा तांदळाची कणी घालतो, वर हळदीचं पाणी. आणखी काय हवं?

शेजारच्या जानकीबाईंनी आज कणीची वाटी बघितली. "भाऊ, तुम्ही तरी नुसता भात जेवता काय? पिल्लाला किडा पायजे. उधई घाला."

"आता पिल्लांना पुरेल एवढी वाळवी कुठून आणू?"

"लांब कशाला जाता? तुमच्या पुस्तकांच्या खोक्यात बघा ना."

खोकं उघडलं. माझ्याच विनोदी लेखांच्या न खपलेल्या प्रती, आतून पोखरलेल्या. एक प्रत अंगणात झटकली. सगळी पिल्लं तुटून पडली. तपकिरी आधी नुसतं बघत होतं. मग पंख टेकत, खुरडत आलं आणि एकोणिसावं पान स्वच्छ करून गेलं. उभं राहिलेलं नाही. राहील का? बाई म्हणतात, आठवडाभर घाला, मग बघा.

म्हणजे रोज एक प्रत. या पुस्तकाला एवढी मागणी कधीच नव्हती.

दाराच्या चौकटीतल्या वाळवीवर मारायला आणलेलं औषध उद्या दुकानात परत देतो.