प्रवेशशुल्क: एक रिकामी काडेपेटी

आबा, काल परळीला जाऊन आलो. तुमचा पत्र्याचा डबा बरोबर होता. तोच, बिस्किटांचा, ज्यात तुम्ही आयुष्यभर काडेपेट्यांवरचे छाप जमवलेत. मंगल कार्यालयात संग्राहकांचा मेळावा होता. जुनी नाणी, कुलपं, अडकित्ते जमवणारे लोक एकत्र येतात, आपापला संसार काचेत मांडतात आणि बघणाऱ्यांकडून माणशी पन्नास रुपये घेतात. या पन्नास रुपयांवर मी नुकतंच माझ्या सदरात मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. लोकांनी फेकलेल्या वस्तू गोळा करायच्या आणि त्याच लोकांना तिकीट लावून दाखवायच्या, ही युक्ती ज्याला सुचली त्याला एखाद्या पक्षाने ताबडतोब उमेदवारी द्यावी, असं लिहिलं होतं. वाचून संयोजकांनी रागवायचं सोडून फोन केला. "डबा घेऊन या. घरी कसर खाईल. आमी काचेत कायमचा ठेवतो." कसर लागलीच आहे, आबा. वाघछाप पेटीच्या छापावरच्या वाघाचा एक पंजा गेलाय. तरी मी ठरवूनच निघालो होतो, तिकीट बंद केलं तरच डबा द्यायचा.

दारात टेबल टाकून मफलर गुंडाळलेला एक माणूस बसला होता. त्याने न विचारता दोन तिकिटं फाडली. मी एकाचेच पन्नास दिले आणि म्हणालो, मी एकटाच आहे. "एकटे?" त्याने माझ्या खांद्यामागे पाहिलं. "अन् हे बाबा? टोपीवाले? तुमच्यासंगंच उतरले की रिक्षातून." मी वळलो. उसाचा ट्रॅक्टर चालला होता, राखेनं पांढरा झालेला कडुनिंब उभा होता. माणूस कोणी नव्हता. "गेले वाटतं आत," तो म्हणाला. "जाऊ द्या. म्हाताऱ्या माणसाला काय अडवायचं बे पन्नास रुपड्यांसाठी!" हे 'बे' तो स्वतःलाच म्हणाला. मी हसलो. पुढच्या सदरासाठी वाक्यही जुळवलं, की हे लोक आता हयात नसलेल्यांचीही तिकिटं फाडतात. वाक्य झकास होतं; पण मानेवर आलेला काटा काही बसेना.

आतल्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. परळीत वीज केंद्राची राख कशावरही बसते, तशी खुर्च्यांवरही बसली होती. मी रुमालाने माझी पुसली. शेजारची आधीच पुसलेली होती. फक्त बैठक, आबा. पाठीवर राख तशीच. तुम्ही शाळेतली खुर्ची अशीच पुसायचात, कारण टेकून तुम्ही कधी बसलाच नाहीत. संयोजक आले. हे गृहस्थ जुन्या कुलपांचे शौकीन. ती स्वच्छ खुर्ची सोडून त्यांनी पलीकडची राखेनं भरलेली ओढून घेतली.

"तिकीट बंद करा, डबा तुमचा," मी म्हणालो.

"कावून बंद करायचं? मागल्या खेपंला फुकटच होतं. लोक पंख्याखाली झोपायला आले, अन् जाताना माझी दोन कुलपं घेऊन गेले. किल्ल्या तेवढ्या ऱ्हायल्या! पन्नास दिलेला माणूस हात मागं बांधून बघतो, साहेब. अन् हॉलवाला काय माझा साडू हाय?"

"आणि ज्याच्याकडे पन्नास नाहीत त्याने?"

ते खरं तेच बोलले, "त्याचं मला बी काई सुचत न्हाई."

"आमच्या दिंद्रुडच्या घरी, ओसरीवर कधी तिकीट नव्हतं," मी ऐटीत सांगितलं. त्याच क्षणी माझ्या डाव्या कानाशी आवाज झाला. खुळखुळ. डबा मांडीवर बंद होता, आणि त्यात नुसते कागद. कागद खुळखुळत नाहीत.

लहानपणीची ती दुपार, आबा: मी ओसरीच्या पायरीवर बसलोय. मेंढ्या पाराशी सोडून एक माणूस येतो. "गुर्जी, ती चित्रं दावा की." तुम्ही विचारता, "पेटी कुठंय?" छाप बघायचे तर एक रिकामी काडेपेटी द्यायची, हा तुमचा नियम. त्याच्याकडे नाही. तुम्ही डबा उघडत नाही. मी मध्ये तोंड घालतो, दाखवा ना आबा, उन्हाचा आलाय. "गप बस. फुकट बघितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई." तो निघून जातो आणि मला तुमचा लई राग येतो. थोड्या वेळाने तो परत येतो. दुकानातून नवी पेटी घेऊन, काड्या सगळ्या पटक्याच्या टोकात बांधून. तुम्ही पेटी कानाशी नेऊन हलवता. खुळखुळ. आत एक काडी राहिलीय. ती काढून तुम्ही त्याच्या हातावर ठेवता, मग आईला चहा टाकायला सांगता आणि दुपारभर त्याला छाप दाखवता. त्याच्या पेटीचा छाप त्याच्यासमोर भिजवून सोडवता आणि डब्यात ठेवता. नंतर त्या बाजूला मेंढ्या आल्या की तो यायचा आणि आधी स्वतःचाच छाप बघायचा. वाघछाप.

मी संयोजकांना म्हणालो, "ज्याच्याकडे पन्नास नसतील त्याच्याकडून एक रिकामी काडेपेटी घ्या. आणि तिचा छाप याच डब्यात ठेवा."

"हॉलवाल्याला काडीपेट्या चालतेत का, इचारावं लागंल," ते हसले. मग डब्याकडे बघत म्हणाले, "ठेवतो. शब्द हाय माझा." डबा उचलायला त्यांना दोन हात लावावे लागले. "लईच जड हाय की हो!" मी येताना तो काखेत मारून आणला होता.

निघताना मी टेबलावर आणखी पन्नास रुपये ठेवले. मघाचं दुसरं तिकीट मागितलं. मफलरवाल्याने ते उचललं आणि माझ्या खांद्यावरून मागे हात लांबवला. "घ्या बाबा. सावकाश जावा." हात परत आला तेव्हा रिकामा होता. तिकीट खाली पडलेलं मला दिसलं नाही.

हे सदरात लिहिणार नाही. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि घडी करून ठेवायला आता डबाही नाही. म्हणून इथेच सांगून टाकतो. मी वळून पाहिलं नाही, आबा. पाहिलं असतं आणि रस्ता रिकामा दिसला असता, तर माझे पन्नास रुपये फुकट गेले असते.