पिवळी कडी कोणी काढायची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चष्म्याच्या काचा घासण्यात हयात घालवलेली, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी एक लढाई खेळून पाहावी.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. काचा घासायचं यंत्र दुकानातल्या जोडीदाराला. ते पुसून ठेव म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते.

२. कड्यांचा डबा. बाटली उघडली की मानेशी प्लास्टिकची कडी उरते, त्या ह्या. आमच्या शनिवारच्या खेळात गोष्ट मी चालवते, बाकीचे फासे टाकून वीर होतात. लढाईत कोणाला काय झालंय ते कळावं म्हणून त्याच्या सोंगटीच्या गळ्यात कडी घालायची. हिरवी म्हणजे विष, काळी म्हणजे दिसत नाही, पिवळी म्हणजे भोवळ, पाळी गेली. छप्पन्न वेळा सांगितलं, तरी मेहुणे काळी कडी घालून तिरंदाजी करतात!

"अहो, तुम्हाला दिसत नाहीये."

"अंदाजाने मारतो."

डबा आमच्यात खेळणाऱ्या बेकरीवालीला द्यावा. मेहुण्यांना हातही लावू देऊ नये.

३. ज्याने कडी घातली त्यानेच ती वेळ संपताच काढायची. हा नियम माझ्या पश्चातही चालू राहावा.

४. धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी राक्षसापुढे त्याच्या ढालकऱ्याला मी पिवळी कडी घातली, एका फेरीपुरती.

"ताई, माझी भोवळ उतरली."

"कडी आहे ना गळ्यात? मग गप बस."

राक्षसाने ढालकरी मारला. सात वर्षं जपलेला. भाऊ सोंगटी तिथेच टाकून गेला, तो परत आला नाही. त्याला हार पचत नाही, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. त्याच आठवड्यात माझ्या वहीत माझ्याच अक्षरात सापडलं: 'तिसरी फेरी, भोवळ संपली.' कडी काढायला मी विसरले होते. चूक माझी होती, आणि मला त्याची फार आठवण येते. सबब, सोंगटी कडीसकट माझ्यामागे त्याला द्यावी. कडी त्याने काढावी.

इथवर वाचून वकीलबाई थांबल्या. "कलम तीन काय म्हणतं?"

कपाळ माझं! कलम चार खोडलं आहे. सोंगटी घेऊन उद्या सकाळी मीच त्याच्या दारात जाते.

ठिकाण: खेळाचं टेबल. शनिवार, ७ मार्च.

सही

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचा न्हावी
२. मेहुणे (सही अंदाजाने, रेघेच्या बाहेर)